परदेशगमनाचे प्रायश्चित्त

समुद्र ओलांडून परमुलखात गेलेल्या माणसाने स्वदेशी परतल्यावर पंचगव्य प्राशन करावे, ब्रह्मवृंदाला यथाशक्ति दक्षिणा द्यावी, आणि मगच पुन्हा पंक्तीला बसावे, असा जो शिरस्ता आमच्या पणजोबांच्या काळी होता, तो आता समूळ नष्ट झाला असे आमचे सुधारक मोठ्या अभिमानाने सांगत असतात. परंतु ज्याने अलीकडे कोणत्याही पाश्चात्त्य वकिलातीच्या दारी व्हिसाचा अर्ज रुजू केला असेल, तो छातीवर हात ठेवून सांगेल की शिरस्ता नष्ट झालेला नसून केवळ त्याचा मुहूर्त बदलला आहे. पूर्वी प्रायश्चित्त परत आल्यावर घ्यावे लागे. हल्ली ते निघण्यापूर्वी घ्यावे लागते, आणि दक्षिणा आगाऊ भरावी लागून ती अर्ज नामंजूर झाला तरी परत मिळत नाही.

या विधीचे साहित्य गोळा करण्यातच धर्मनिष्ठ अर्जदाराचे दोन महिने जातात. प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेच्या शिक्क्यासह खातेउतारा, कचेरीने दिलेला रजेचा दाखला, राहण्याच्या व येण्याजाण्याच्या आरक्षणाचे दस्तऐवज, आणि पस्तीस गुणिले पंचेचाळीस मिलिमीटरच्या चौकटीत बसविलेले, हसण्याची सक्त मनाई असलेले छायाचित्र, हा त्यातला ठळक तपशील. एवढे सारे ज्या एका गोष्टीसाठी सिद्ध करायचे ती मात्र मोठी गमतीची आहे. जाण्याची परवानगी मागणाऱ्या माणसाने त्या खिडकीपुढे पटवून द्यायचे असते ते आपण परत येणार हे. म्हणजे आयुष्यभर ज्या कचेरीला, ज्या घराला आणि ज्या महापालिकेला त्याने नावे ठेवली, त्या सर्वांवाचून आपल्याला एक पंधरवडाही अधिक करमणार नाही, अशी कैफियत त्याने लेखी द्यायची. युरोपच्या व्हिसासाठी जो किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा उतरवावा लागतो, त्यात विमेदार तिकडेच दिवंगत झाल्यास त्याचा देह स्वदेशी पोचविण्याच्या खर्चाचीही तरतूद असावी लागते. परत येण्याच्या हमीतून मृत्यूही माणसाला मोकळा करीत नाही.

ज्या शेंगेन गावाच्या नावाने हा व्हिसा ओळखला जातो ते लक्झेंबर्गमधले, मोझेल नदीच्या काठचे, द्राक्षमळ्यांनी वेढलेले एक चिमुकले खेडे आहे. १४ जून १९८५ रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी तिथे नदीतल्या एका बोटीवर बसून आपापसांतल्या सरहद्दींवरचे पहारे उठविण्याच्या करारावर सह्या केल्या, आणि आज एकोणतीस देश त्या व्यवस्थेत सामील आहेत. पहारे उठले ते त्यांचे त्यांना. आमच्यासाठी सगळे पहारेकरी एकाच खिडकीत आणून बसविले. तथापि त्या खिडकीचे कायदे एकदा नीट वाचले तर पुष्कळ तसदी वाचते. अर्ज कोणत्या देशाकडे करावा, याचा निर्णय तिथे घालवायच्या रात्रींच्या संख्येवर होतो: ज्या देशात रात्री अधिक, त्या देशाकडे; आणि रात्री समसमान निघाल्या तर ज्या देशात प्रथम पाऊल टाकायचे त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. परंतु आमचा मराठी मध्यमवर्ग शाळांच्या परीक्षा संपल्याशिवाय कशाचाही विचार करीत नसल्यामुळे मे महिन्याच्या सुमारास त्या खिडकीवर जी झुंबड उडते ती पाहता, मेची सहल करणाराने अर्ज गारठा सरायच्या आत देऊन टाकावा हे उत्तम. पारपत्र परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारे, दहा वर्षांच्या आतले, आणि दोन पाने तरी कोरी असलेले हवे. विलायतचा, म्हणजे खुद्द इंग्लंडचा, व्हिसा मात्र अगदी वेगळा. आयफेल टॉवर पाहून संध्याकाळी लंडनला चहाला जाऊ, असा बेत करणाऱ्यांनी दोन खिडक्यांपुढे दोन प्रायश्चित्ते घ्यावीत. आणि तिकिटावरचे नाव पारपत्रावरच्या नावाशी अक्षराअक्षराने जुळते की नाही हे वहिनींनी स्वतः पाहावे, कारण माहेरच्या नावाचे पारपत्र आणि सासरच्या नावाचे तिकीट अशी जोडी विमानतळावर उभी राहिली की लग्नाची पत्रिका दाखवूनही तिथला कारकून द्रवत नाही.

व्हिसा मिळाला की घरात बॅगा निघतात, आणि खरे नाट्य तिथून सुरू होते. विमान कंपनीने माणशी तेवीस किलोंची मर्यादा घातलेली असते, पण मराठी गृहिणीच्या हिशेबी ती मर्यादा कपड्यांना लागू असते, खाद्यपदार्थांना नव्हे. मग बॅग जोखण्याचा प्रसंग येतो. गृहस्थाने न्हाणीघरातल्या काट्यावर आधी रिकाम्या हाताने आणि मग बॅग उचलून उभे राहायचे व वजाबाकी करायची, ही पद्धत गणिताच्या दृष्टीने निर्दोष असली तरी तीत गृहस्थाचे स्वतःचे वजन साऱ्या कुटुंबासमक्ष जाहीर होते, आणि तेवीस किलोंचा मूळ प्रश्न बाजूला पडून चर्चा भलत्याच किलोंवर जाते. बॅगेच्या मुठीला अडकवून तोलायचा छोटा काटा बाजारात मिळतो. तो घ्यावा. संसार सुखाचा होतो.

शिध्याविषयी आम्हांला थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण मराठी माणसाला परदेशात झालेला मनस्ताप पुष्कळदा त्याच्या डब्यातून निघालेला असतो. ज्या खसखशीवर थापल्यावाचून अनारशाला अनारसेपण येत नाही, ती खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध पदार्थांत मोडते. अफूच्या झाडाचे हे निरुपद्रवी बी आपण पिढ्यान्‌पिढ्या लाडवांत, करंज्यांत आणि बाळंतिणीच्या खिरीत घालीत आलो, हा युक्तिवाद दुबईच्या जकात नाक्यावर चालत नाही, आणि तिथे प्रकरण दंडावर न थांबता तुरुंगापर्यंत जाऊ शकते. दिवाळीनंतर मुलाकडे निघालेल्या आईने अनारशांचा डबा घरीच रिकामा करून निघावे हे बरे. आणि केवळ विमान बदलण्यापुरते तिथे उतरणाऱ्यानेही या बाबतीत धाडस करू नये. हातातल्या पिशवीत लोणच्याची बरणी नेणारांना आम्ही सांगू इच्छितो की सुरक्षा तपासणीच्या शास्त्रात लोणचे हा द्रव पदार्थ आहे, आणि शंभर मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव बहुतेक विमानतळांवरून आपल्याजवळ बाळगता येत नाही. बरणी पोटातल्या सामानात जावी. उलट मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मात्र हातातच ठेवावी लागते, पोटातल्या सामानात ती चालत नाही. या दोन वस्तूंची नेमकी अदलाबदल करणारे प्रवासी प्रत्येक विमानाला आढळतात.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया ही दोन राष्ट्रे आपल्या शेतीला परक्या बियांची व किडींची बाधा होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपतात, आणि विमानात भरायला दिलेल्या तक्त्यात खाद्यपदार्थ लपविला तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलरांचा दंड होतो. हे लपविला तर; जाहीर केला तर फार फार तर पदार्थ जप्त होतो, दंड होत नाही. म्हणून जे जे आहे ते ते जाहीर करावे. ऑकलंडच्या विमानतळावर, आमच्या पुढे रांगेत असलेल्या एका पुणेरी काकूंना डिंकाचे लाडू जाहीर करताना ऐकण्याचे भाग्य आम्हांला लाभले आहे. अधिकारी तरुण होता, शालीन होता. यात प्राणिजन्य काही आहे काय, असे त्याने विचारले. काकू म्हणाल्या, तूप. वनस्पतिजन्य? खारीक, खोबरे. बिया? खसखस, आणि थोडे अळीव. मग हा चिकट भाग कशाचा, असे त्याने लाडू प्रकाशापुढे धरून विचारले, तेव्हा काकूंनी झाडाच्या खोडातून पाझरणाऱ्या चिकाचे असे काही साभिनय वर्णन केले की तक्त्यातल्या प्रत्येक कलमाला एकट्याने व्यापून उरणारा हा पहिलाच पदार्थ आपल्या नोकरीत पाहतो आहोत, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटला. डबा अर्थातच गेला. “अरे बाबा, टाकून देण्याआधी एक खाऊन तरी बघ,” असे काकूंनी त्याला शुद्ध मराठीत सांगितले, आणि दंडाचा एक छदामही न देता त्या ताठ मानेने बाहेर पडल्या.

डबा गेला म्हणून माणूस उपाशी राहत नाही. पण शाकाहाराची व्याख्या प्रत्येक मुलखात निराळी असते हे ध्यानात ठेवावे. जपानात वरवर निष्पाप दिसणाऱ्या सूपाचा पाया बहुधा वाळविलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा असतो. इटलीत ज्या पार्मेझान चीजचा कीस आपण भक्तिभावाने पास्त्यावर भुरभुरवतो, त्याचे दूध विरजवायला वासराच्या जठरातला पाचकरस लागतो. ज्यांना हे कळल्यावर अन्न गोड लागणार नाही त्यांनी आधी विचारावे, आणि ज्यांना लागेल त्यांनी विचारू नये. विमानातले शाकाहारी जेवण निदान चोवीस तास आधी सांगून ठेवावे. याचा एक आनुषंगिक लाभ असा की खास सांगितलेली ताटे बहुधा सर्वांच्या आधी येतात, आणि शेजारचा प्रवासी मान वळवून पाहत असताना आपण निवांतपणे छोले पुढ्यात घेऊन बसतो. हॉटेलच्या खोलीत फोडणी मात्र करू नये. छताला लावलेल्या धुराच्या यंत्राला मोहरी आणि आग यांतला भेद कळत नाही, आणि मध्यरात्री चार मजल्यांचे पाहुणे रात्रीच्या पोशाखात रस्त्यावर उभे राहिल्यावर त्यांना हिंगाचे गुण सांगत बसण्यात अर्थ नसतो.

पाण्याचा आणि तदनुषंगिक विषयाचा उल्लेख सभ्य प्रवासवर्णनांतून सहसा गाळलेला आढळतो. पण हितोपदेश करायला बसलेल्या माणसाने सोवळेपणा करून भागत नाही. पश्चिमेकडचा बराच मुलूख प्रातर्विधीच्या बाबतीत कागदावर विसंबून आहे, आणि आमच्या लोकांची गेल्या कित्येक शतकांची वहिवाट पाण्याची. जपानने १९८० मध्ये बटण दाबताच कोमट पाण्याची धार देणारे आसन बाजारात आणून या प्रश्नावर जो तोडगा काढला तो पाहून आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या राष्ट्राच्या संस्कृतीविषयी आपले आधीचे सर्व आक्षेप मागे घेतले. इटलीत तर १९७५ च्या एका सरकारी फर्मानाने प्रत्येक नव्या घरात बिडे, म्हणजे क्षालनासाठी वेगळे पात्र, असणे सक्तीचे केले. इतर ठिकाणी एक रिकामी बाटली जवळ असली म्हणजे अब्रू राहते. हीच बाटली, अर्थात दुसरी एखादी, रोममध्ये पिण्याच्या कामी येते. तिथे रस्तोरस्ती बिडाचे बुटके नळ आहेत. त्यांना नाकाडे या अर्थाचे नाव आहे, ते सुमारे अडीच हजार आहेत, आणि त्यांतून चोवीस तास पिण्याचे थंडगार पाणी वाहते. खालचे तोंड बोटाने दाबून धरले की नळीच्या वरच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून कारंजे उडते आणि ओंजळ न करता पिता येते. हे न कळलेले प्रवासी शेजारच्याच दुकानात बाटलीला दोन-दोन युरो मोजीत असतात.

पैशांची कथा थोडक्यात सांगतो. एकेकाळी आमच्या सरकारने परदेशी निघालेल्या माणसाच्या हाती आठ डॉलर टेकवून त्याला जगाच्या स्वाधीन करावे, असा काळ होता. आता वर्षाला अडीच लाख डॉलरांपर्यंत बाहेर नेण्याची मुभा आहे, परंतु माणसाच्या मनातला आठ डॉलरवाला कारकून काही निवृत्त झालेला नाही. कॉफीच्या प्रत्येक पेल्याला रुपयांनी गुणून पाहणाऱ्याला कोणत्याही गावची कॉफी गोड लागणे शक्य नाही. गुणाकार एकदाच, घरी, निघण्यापूर्वी करावा, जमेल तेवढी रक्कम ठरवावी, आणि नंतर खतावणी मिटून ठेवावी. इटलीत कॉफी उभ्याने प्यावी, कारण बसून प्यालेल्या त्याच कॉफीचे हशील अधिक पडते. कार्डाने पैसे देताना यंत्र जर विचारील की रुपयांत देता की स्थानिक चलनात, तर निःशंकपणे स्थानिक चलन सांगावे. रुपयांचा तो जिव्हाळा फसवा असतो. त्यात यंत्रवाला आपल्या मर्जीचा भाव लावतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पाहणे. दहा दिवसांत सात देश दाखविण्याची जी विद्या सहल कंपन्यांनी हस्तगत केली आहे तिच्याविषयी आम्हांला आदर असला तरी, एखादा देश बसच्या काचेतून झोपेत ओलांडल्याने तो पाहिला असे म्हणता येईल काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आमच्या मते तजवीज करायची ती कागदांची, पोटाची आणि पायांची, म्हणजे रुळलेल्या जोड्यांची. या तिन्हींची इतकी कडेकोट करावी की बाकीचे दिवस बेधडक मोकळे सोडता यावेत. आमचे लोक नेमके उलट करतात. कागद आयत्या वेळी धुंडाळतात, नवे जोडे प्रवासाच्या दिवशी पायांत घालतात, आणि प्रत्येक दिवसाच्या प्रत्येक घटकेला मात्र एकेक प्रेक्षणीय स्थळ नेमून देतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी युरोपच्या प्रवासाचा जो तक्ता केला होता त्यात स्थळ, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, अपेक्षित खर्च आणि शेरा असे रकाने होते, आणि स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखपुढे, ‘उंची ३,४५४ मीटर, कळसूबाईच्या दुपटीहून अधिक, रेल्वे १९१२ पासून’ अशी टीप होती. ढगांसाठी रकाना नव्हता. तिथवर जायचे तिकीट खिशाला चांगलेच जाणवणारे असते, आणि वर धुके असले तर सारे हिमवैभव पांढऱ्या पडद्याआड राहते. म्हणून सकाळी वरच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहावे, आकाश निवळ असेल तरच तिकीट काढावे, आणि नसेल तर तो दिवस तळ्याकाठी काढावा. ही सवड तक्त्यात ठेवलेली असली पाहिजे.

पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते आणि ओर्से सोमवारी, हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक कुटुंबांनी त्या भव्य वास्तूंची फक्त दारे पाहिली आहेत. लूव्रमध्ये शिरून थेट मोनालिसाकडे धावणारांना तिथे सत्त्याहत्तर गुणिले त्रेपन्न सेंटिमीटरचे, काचेआडचे एक चित्र आणि त्याच्यापुढे उंचावलेले शेकडो मोबाइल एवढेच दिसते, आणि ज्या भिंतीकडे सगळ्यांची पाठ असते तिच्यावर व्हेरोनेझेने रंगविलेला एका लग्नाच्या मेजवानीचा जवळजवळ दहा मीटर रुंदीचा प्रचंड पट असतो, ज्यापुढे ऐसपैस उभे राहता येते. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभे राहून ऐकण्याची तिकिटे बसण्याच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळतात, आणि आमच्या गणेशोत्सवात रात्र रात्र उभ्याने गाणे ऐकलेल्या पिढीला ती जड जाऊ नयेत. लंडनची मोठमोठी संग्रहालये फुकट आहेत. मात्र व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात केवळ वाघनखे पाहण्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या शिवभक्तांनी विमानाची घाई करू नये: ती वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. तिथे जायला एसटी आहे, व्हिसा लागत नाही.

पाटबंधारेवाल्या स्नेह्यांच्या तक्त्यावर खरी आपत्ती आली ती फ्लॉरेन्समध्ये. पिसाचा मनोरा पाहण्याचा दिवस होता. सकाळी साडेनवाला हे पतिपत्नी स्थानकावर गेले तर फलकावर गाड्यांपुढे ‘रद्द’ असा शेरा. संप होता. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत काही ठरावीक गाड्या सोडण्याचे बंधन असते. हे ज्याला ठाऊक असते तो पहाटे निघतो. यांना ठाऊक नव्हते. मग वहिनींनी त्यांना नदीपलीकडच्या सांतो स्पिरितोच्या चौकात ओढीत नेले, भाजीबाजारातून जर्दाळू घेतले, आणि देवळाच्या सावलीत बसवले. शेजारच्या मेजावर तीन म्हातारे चाळीस पानांचा पत्त्यांचा डाव मांडून बसले होते आणि चौथ्या भिडूची वाट पाहत होते. मांडलेल्या पानांची बेरीज हातातल्या पानाशी जुळवून ती उचलायची, एवढे खुणांनी कळल्यावर आमच्या अभियंत्याने दुपारपर्यंत त्या तिन्ही म्हाताऱ्यांना असे काही हरवले की त्यांतल्या एकाने घरून टोमॅटो घालून शिजविलेल्या पावाचे भांडे आणले, वहिनींनी पर्समधून मेतकुटाची पुडी काढली, आणि ते त्या पावावर भुरभुरून सर्वांनी भांडे पुसून खाल्ले. भाषेचा एक शब्दही कोणाला कोणाचा कळत नव्हता. तरी पेन्शन कोणाला किती, मुले कुठे, आणि हल्लीचे सरकार कसे नालायक, एवढी सर्व माहिती परस्परांना झाली होती.

तक्त्यात त्या दिवसापुढच्या रकान्यात त्यांनी स्वहस्ते ‘वाया’ असा शेरा मारलेला आम्ही पाहिला आहे. त्या दिवसाची हकिकत मात्र ते दीड तास सांगतात, वहिनी मध्येच तपशील दुरुस्त करतात, आणि चहा दोनदा होतो. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्यावर ते पिसालाही जाऊन आले. मनोरा कसा आहे म्हणून विचारले तर म्हणतात, “वाकडा आहे.”